ट्रकांचा राजवाडा

सान आन्सेल्मोमध्ये त्या वर्षी कार्निवाल सरला, तोंडांवरचे रंग धुतले गेले, मंचाच्या फळ्या सुताराच्या वखारीत परत गेल्या, पण एक गाणं काही केल्या घरी जाईना. बेकरीतली बाई पावांवर पीठ भुरभुरताना ते गुणगुणायची. न्हाव्याचा वस्तरा त्याच ठेक्यावर गालावरून उतरायचा. पोरी दोरीवरच्या उड्या त्यावर मारायच्या:

ट्रकाला बांधला राजवाडा, घड्याळ लावलं दारी,
रस्त्यावरचा खड्डा विचारी, आमची कधी बारी?
काचेमागं बसला ट्रक, पायावर टाकून पाय,
म्हणतो, बाहेर चिखल फार, मी बाहेर पडू काय?

गाणं रचलं होतं सुल्मा एचेवेरीने. शाळेतून निवृत्त झाली तरी अख्खं गाव तिला अजून 'बाई'च म्हणे. 'बिनतळ्याची बदकं' या फडासाठी दरवर्षी तीच गाणी रचायची. फड पालिकेच्या डेपोतल्या माणसांचा. ग्रेडरवाला, कचरागाडीवाले, गवंडी, माळी. वर्षभर गावाचे रस्ते आणि गटारं बघायची, आणि फेब्रुवारी आला की तोंडं रंगवून, डोक्यावर पिसांचे तुरे खोचून गावाची टर उडवायची. पहिला मान अर्थात आपल्याच साहेबाचा.

फडाचा ढोल सुल्माच्या धाकट्या भावाकडे, विल्मारकडे होता. तो डेपोतला मेकॅनिक. बायको गेल्यापासून बहिणीच्या घरात मागच्या खोलीत राहायचा. पोट सुटलेलं, हात रुंद, ढोलावर पडले की समोरच्या माणसाच्या बरगडीत वाजायचे. सुल्मा त्याला ढोल्या म्हणायची. तिच्या अंगावर मूठभर मांस नव्हतं, म्हणून तो तिला काटकुळी म्हणायचा. दोघांची पन्नाशी उलटली होती, पण नावं शाळेतलीच राहिली होती.

गाण्यातला राजवाडा म्हणजे पालिकेची नवी शेड. डेपो होता ओढ्याकाठी, जुन्या गुरांच्या बाजाराच्या जागेत. छप्पर म्हणजे चार पत्रे, तेही वाऱ्याच्या मर्जीवरचे. नदी फुगली की ओढा उलटा वाहायचा आणि डेपोत पाणी शिरायचं. मग सगळी वाहनं रांगेने वर चौकात यायची. चर्चसमोर घोड्यावर बसलेल्या दगडी जनरलच्या शेजारी रस्ते सपाट करणारा पिवळा ग्रेडर उभा राहिला, की गाव समजायचं, पूर आला. आईबाप पोरांना त्याच्यावर बसवून फोटो काढायचे. त्या ग्रेडरला सगळे 'पिवळी' म्हणत. नांगराची जुनी बैलजोडी असावी तशी ती गावाची होती.

नगराध्यक्ष नेरी बेंतांकोर यांनी टेकडीवर नवी शेड बांधायची ठरवली. माणूस भला, पण हौशी. राजधानीतून चित्र काढून आणलं आणि बँकेच्या काचेत लावलं. चित्रात शेड होतीच, शिवाय पुढे काचेची भिंत, कारंजं आणि वर घड्याळाचा मनोरा. गाव चित्रासमोर उभं राहिलं आणि हसलं. सर्वांत मोठ्याने हसली ती डेपोतली माणसं. गाण्याची तालीम डेपोतच झाली, त्याच गळक्या पत्र्यांखाली. 'पायावर टाकून पाय' आलं की विल्मार ढोलाचा एक ठोका मुद्दाम सोडायचा आणि त्या रिकाम्या जागेत सगळे फुटायचे.

ते हसत होते मनोऱ्याला. गावाने ऐकलं की शेडच नको. डेपोतलेच गातायत म्हटल्यावर आणखी पुरावा तो काय हवा? त्यांनाच नको असेल तर गावाने पैसा का ओतायचा? माणूस स्वतःच्या घराची चेष्टा करतो तेव्हा शेजाऱ्याने ते घर पाडायचं नसतं, पण हे गाण्यात कुणी लिहून ठेवत नाही.

एप्रिलमध्ये नदी आली. पिवळी चौकात गेली, फोटो निघाले, पाणी ओसरलं, पिवळी परत आली. डेपोत घोट्याएवढा चिखल राहिला. कचऱ्याच्या ट्रकाचे ब्रेक ओले होऊन बसले होते. विल्मारने जॅकखाली फळी टाकली, पोतं अंथरलं आणि पाठीवर आत सरकला. फळी चिखलात कलली. जॅक सुटला. ट्रक सावकाश खाली बसला, म्हातारं माणूस खुर्चीत बसतं तसा, आणि विल्मारचा पाय त्याच्याखाली सापडला.

पाय वाचला. मांडीपर्यंत प्लास्टर चढलं. गावाने सूप आणलं, केक आणले, दुवा दिल्या. बेकरीतली बाई पाव घेऊन आली आणि जाताना फाटकाशी नकळत तेच गाणं गुणगुणत गेली. सुल्मा खिडकीत उभी होती. तिने पडदा ओढून घेतला.

शेडवर जाहीर सभा ठरली. आधीच्या रविवारी पाऊस लागला, आणि पाऊस लागला की सान आन्सेल्मोत घरोघरी पुरीसारख्या तोर्ता तळतात. डेपोतही हीच रीत. पावसात कच्च्या रस्त्यावर पिवळी निघत नाही, मग चूल पेटते, कढईत चरबी वितळते. यंदा डेपो विल्मारविना तळत होता, म्हणून सुल्माने घरी पीठ मळलं. ती लाटत होती, मधोमध बोटाने भोक पाडत होती. विल्मार पाय स्टुलावर टाकून झाऱ्याने उलटत होता. माते नावाच्या कडू चहाचा पेला दोघांत फिरत होता.

"शनिवारी मी सभेत उभी राहणार," सुल्मा म्हणाली. "सांगणार, गाणं चुकलं म्हणून."

विल्मारचा झारा कढईवर थांबला. "खबरदार."

"अरे, पण..."

"खबरदार सांगतो. थुंकी आणि ओळ, माणसानं परत गिळू नये. मंचावर गायलं ते गायलं. खाटकावरची ओळ ऐकून तो रडत आला होता, तेव्हा घेतली होतीस मागे?"

"खाटकाचा पाय नव्हता मोडला."

"वजनकाटा मोडका होता ना त्याचा, तेवढं पुरे होतं." तो हसला, पण ती हसली नाही, तशी त्याने तोर्ता ताटात टाकली. "काटकुळे, ऐक. तुझं सगळ्यात भारी गाणं आहे ते. 'पायावर टाकून पाय'. मी ठोका सोडतो आणि माणसं खुर्चीवरून पडतात. आणि तू म्हणणार चुकलं? मग आम्ही काय वाजवलं, चूक?"

"ढोल्या, शेड झाली नाही तर?"

"तर काय? प्लास्टर निघेल, कामावर जाईन."

"त्याच ट्रकाखाली?"

"मग काय बसच्या खाली जाऊ? ट्रक नादुरुस्त आहे, मी मेकॅनिक आहे. डेपोतल्या फ्लोरेन्सियोला पाठवू? त्याला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही."

"चिखलात?"

"ओळखीचा आहे चिखल. जागा धरून ठेवली असेल माझी."

सुल्माने लाटणं खाली ठेवलं. बाहेर पन्हळीतून पाणी पडत होतं. तो थट्टा करत होता आणि खरंही बोलत होता. हा प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या सकाळी आत सरकणार, पाठीवर, शीळ घालत. पुन्हा फळी कलली तर दर वेळी पायच सापडेल असं काही नाही.

"आणि अजून एक," तो तोंडात घास धरून म्हणाला, "माझ्यावर रडगाणं रचू नकोस. ढोलवाल्याची कीव आली की ठेका मेला म्हणून समज."

ओळ परत घ्यायची नाही, रडायचं नाही. दोन्ही दारं त्याने लावून घेतली आणि वर आणखी एक तोर्ता मागितली.

शनिवारी दुपारी क्लबाचा हॉल भरला. दुपारची झोप मोडल्यामुळे लोक आधीच कुरकुरत होते. काखेत थर्मास, हातात माते. समोर टेबलामागे नगरसेवक, मधे नेरी बेंतांकोर, मागे भिंतीवर ते चित्र. चित्राकडे बघून पहिल्याच रांगेतून कुणीतरी 'टिक-टॉक' केलं आणि सभा सुरू व्हायच्या आत पहिलं हसू होऊन गेलं.

आधी नीदिया बोलली. ती ओढ्यापलीकडच्या वस्तीतली, कपडे शिवणारी. "मला गाणं-बिणं येत नाही," ती म्हणाली. "आमच्या वस्तीत बस येत नाही, कारण रस्ता नाही. पाऊस झाला की माझी पोरगी बूट हातात घेऊन शाळेला जाते. आईला दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागतं. मला सांगा, आधी माणसांचा रस्ता की आधी ट्रकाचं घर?"

टाळ्या पडल्या. विल्मारनेही वाजवल्या. कुबड्या मांडीवर ठेवून तो पहिल्या रांगेच्या टोकाला बसला होता.

मग दॉन एलिसेओ उठले. जुने औषधवाले, नगरसेवकांत सर्वांत वयस्क. शेडच्या विरोधात त्यांचा आवाज मोठा होता, आणि ते लबाड नव्हते हीच अडचण होती. "नेरी, पोरा," ते नगराध्यक्षांना म्हणाले, "तुझा बाप माझ्याकडे उधारीवर खोकल्याचं औषध न्यायचा, पण मनगटाला घड्याळ सोन्याचं. तुमच्या घराण्याला घड्याळाचा शौक जुना आहे. तो पालिकेच्या पैशानं नको."

हॉल हसला. बेंतांकोरही कानापर्यंत लाल होऊन हसले. "मनोरा म्हणजे... गावाला वेळ दिसावी म्हणून, दॉन एलिसेओ."

"गावाला वेळ चर्चची घंटा सांगते. चुकीची सांगते, पण सगळ्यांना एकच चुकीची सांगते."

मग विल्मार उठला. कुबड्या सावरत माईकपाशी गेला. हॉल प्रेमाने शांत झाला. "मंडळी," तो म्हणाला, "शेड म्हणजे..."

एवढंच. 'शेड' शब्द ऐकताच मागून कुणीतरी गुणगुणलं, ट्रकाला बांधला राजवाडा. दुष्टपणा नव्हता त्यात. जांभई लागते तसं ते गाणं लागायचं. एका रांगेतून दुसरीत गेलं. विल्मारने हात वर केला, पुन्हा म्हणाला, "पिवळी ओली झाली की..." आणि गाणं मोठं झालं. आणि तो स्वतःच हसायला लागला. काय करणार? त्याच्याच ढोलाचं गाणं. माईकसमोर एका पायावर उभा राहून तो हसत होता आणि बोलायचं होतं ते तोंडातच राहत होतं.

सुल्मा उठली तेव्हा तिने काही ठरवलेलं नव्हतं. आठवडाभर ओळी तिच्या जिभेच्या टोकाशी यायच्या आणि भांडी घासताना मोरीत वाहून जायच्या. ती भावाच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि फडाला इशारा करते तसे दोन्ही हात वर केले.

"अर्धवट काय गाता?" ती वर्गात बोलायची त्या आवाजात म्हणाली. "गायचं तर नीट गा. पहिल्यापासून."

हॉल हरखला. बाई स्वतः गाऊन घेतायत! फडातली मंडळी जिथे होती तिथे उठली. विल्मारने कुबडीने ठेका धरला आणि गाणं दणक्यात झालं. घड्याळ लावलं दारी. खड्डा विचारी. काचेमागं बसला ट्रक. 'पायावर टाकून पाय' आलं, विल्मारने सवयीने कुबडीचा ठोका सोडला, छप्पर उडेल एवढं हसू आलं. मी बाहेर पडू काय? गाणं संपलं. लोक खाली बसायला लागले.

सुल्माचे हात खाली आले नाहीत. चाल तीच धरून ती पुढे गेली:

ट्रकाखाली कोण निजलं? चिखल त्याची उशी,
वरती आभाळ गळतंय बाई, पाठ वाळेल कशी?

ह्या ओळी कुणालाच ठाऊक नव्हत्या. ठाऊक नाही ते गाता येत नाही, आणि गाता येत नसेल तर गप्प बसून ऐकावं लागतं. कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा त्या गाण्याखाली हॉल गप्प झाला. अर्धे बसलेले, अर्धे उभे, तसेच राहिले. तिचा आवाज म्हातारा होता, थोडा चिरका. साथीला कुणी नव्हतं. मग कुबडीचं टोक पुन्हा लाकडी जमिनीवर वाजू लागलं. शब्द विल्मारलाही ठाऊक नव्हते. पण ठेका त्याचाच होता.

खुशालचेंडू गडी मोठा, हाक मारली तर हसे,
म्हणतो, ओळखीचा चिखल हा, जागा धरून बसे.
नको घड्याळ, नको काच, नको राजवाडा,
भावाच्या पाठीपुरती कोरडी जागा काढा.

ती थांबली. कुबडीचा आणखी एक ठोका पडायचा होता, तो विल्मारने सोडला. ह्या वेळी त्या रिकाम्या जागेत कुणी हसलं नाही. कुठेतरी थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज आला.

"उशी?" विल्मार माईकमध्येच म्हणाला. "गादी म्हणायचं ना. चिखल पाठीखाली असतो, डोक्याखाली नाही."

"गादीला यमक कुठून आणू?" सुल्मा म्हणाली. "पाल्हाळ लावू नकोस, बस खाली. पाय सुजेल."

आता मात्र लोक हसले, पण ते हसू वेगळं होतं, नाक ओढत हसतात तसं. त्या हसण्यातून नीदिया उभी राहिली.

"विल्मारदादा, एक सरळ विचारते. शेड झाली तर पिवळी आमच्याकडे येईल का?"

"पावसात नाही येणार. खोटं कशाला बोलू?" विल्मार म्हणाला. "पण पाऊस थांबला की येईल. आता पाऊस थांबला की आम्ही आधी तिला कोरडी करत बसतो. ती चालू होईस्तोवर पुढचा पाऊस येतो."

"म्हणजे ती वाळेपर्यंत माझा रस्ता अडलाय."

"असंच काहीतरी."

"मग ते कारंजं काढा," नीदिया टेबलाकडे वळून म्हणाली. "पाणी आम्हाला पुष्कळ आहे."

आणि हॉलला कंठ फुटला. "मनोरा काढा!" "काच काढा!" "दारावरचे दिवे कशाला हवेत?" नेरी बेंतांकोर उठले, भिंतीवरचं चित्र त्यांनी टेबलावर आडवं घेतलं आणि पेन काढला. कारंज्यावर काट मारली. काचेच्या भिंतीवर मारली. मनोऱ्यावर पेन टेकला आणि थोडा थांबला.

"मार, पोरा," दॉन एलिसेओ हळूच म्हणाले. "तुझ्या बापानंही शेवटी घड्याळ विकलंच होतं."

बेंतांकोरांनी मारली. उरलं ते चित्र बघण्यासारखं नव्हतं. चार खांब, एक छप्पर, सिमेंटची जमीन, आणि मधोमध वाहनाखाली उभं राहून काम करता येईल असा लांबट खड्डा. नगरसेवकांचे हात वर गेले. दॉन एलिसेओंचा सर्वांत शेवटी गेला, अर्ध्यावर अडला. "पिवळी बाहेर पडेल तेव्हा पहिला रस्ता ओढ्यापलीकडचा," ते म्हणाले. "तसं लिहा, मगच हा हात वर समजा." लिहिलं. हात पूर्ण वर गेला.

पुढच्या शरदात टेकडीवर शेड उभी होती. दिसायला कुरूप, गोठ्यासारखी. नेरी बेंतांकोर एका सकाळी आपल्या स्वयंपाकघरातलं घड्याळ घेऊन आले, खिळा मागितला, स्वतः स्टुलावर चढून ठोकला. कोंबड्याचं चित्र असलेलं घड्याळ. ते मागे पडायचं. कुणी ते दुरुस्त केलं नाही आणि कुणी काढलंही नाही.

पहिला मोठा पाऊस आला त्या दिवशी सुल्मा कार्निवालची नवी गाणी घेऊन टेकडीवर गेली. चूल पेटलेली होती, फ्लोरेन्सियो तोर्ता करपवत होता. तिने गायला तोंड उघडलं आणि पत्र्यावर पाऊस असा कोसळला की तिचं तिलाच ऐकू येईना. जुन्या डेपोत पाऊस अंगावर पडायचा, पण बोलायला तरी जागा देत असे.

"काय म्हणतेस?" खड्ड्यातून विल्मार ओरडला. कचऱ्याचा ट्रक त्याच्या डोक्यावर होता, चारही चाकं सिमेंटवर पक्की. तो खाली ताठ उभा होता.

"गाणी!" ती ओरडली.

"काय?"

"काही नाही! पाऊस थांबू दे!"

"मग तोर्ता दे!"

ट्रकाच्या चाकांमधून एक काळाकुट्ट, तेलकट, रुंद हात वर आला. सुल्माने त्यावर गरम तोर्ता ठेवली. हात खाली गेला. तिने वाकून बघितलं. तो तिच्याकडे पाठ करून, एका हाताने खात, दुसऱ्याने पाना फिरवत होता. शीळ घालत असावा, खांदे तसे हलत होते. निळा सदरा खांद्यांवर तेलाने माखलेला, कॉलर फाटलेली, कोपराला ठिगळ. पाठ मात्र कोरडी होती.

ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग फ्लोरेन्सियोच्या हातातला झारा काढून घेतला आणि स्वतः तळायला बसली.